तिघांचं ऐकून घडलेलं गाणं

नमस्कार श्रोतेहो. मोठ्या गवय्याचं ध्वनिमुद्रण लावायचं आणि त्याच्यामागून गळा फिरवायचा, असा रियाज आज घरोघरी चालतो. त्यातून काय उचलायचं आणि काय तिथंच ठेवायचं, एवढ्याच विषयावर आज बोलणार आहे. उदाहरण घेऊ या उस्ताद अमीर खाँ यांचं.

अमीर खाँ यांचा काळ १९१२ ते १९७४. तालीम घरातली; वडील शाहमीर खाँ सारंगिये. पण त्यांच्या गाण्याला जो आकार आला, त्यात तीन गवय्यांचा मोठा वाटा आहे : किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ, देवासचे रजब अली खाँ आणि मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ. या तिघांचं गाणं त्यांनी प्रामुख्यानं कानानं घेतलं. आणि तरीही अमीर खाँ यांचं पहिलं षड्ज कानावर पडलं की ऐकणारा ओळखतो, हे दुसरं कुणी नाही. हे कसं साधलं असेल?

वहीद खाँ यांच्याकडून आली ती अतिविलंबित लयीतली बढत, म्हणजे राग स्वरास्वरानं हळूहळू उलगडत नेणं. झूमरा ताल चौदा मात्रांचा. एका मात्रेला चार सेकंद धरले तर एक आवर्तन छप्पन्न सेकंदांचं होतं. एवढ्या अवकाशात गवई घाई करूच शकत नाही. एका स्वराभोवती थांबावंच लागतं. वहीद खाँ यांचं जे थोडं गाणं आज ऐकायला मिळतं, ते रेडिओवर गायले म्हणून मिळतं. या माध्यमातून बोलताना ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

रजब अली खाँ यांच्याकडून आली तान. त्यांची तान वेगवान आणि अवघड, कुठून वळेल याचा अंदाज येऊ न देणारी. अमान अली खाँ म्हणजे ज्यांच्याकडे लता मंगेशकरांनीही तालीम घेतली ते. त्यांची सरगम डौलदार होती, पण ते रमायचे मध्यलयीत. आता गंमत बघा. अमीर खाँनी सरगम घेतली, मध्यलय तशीच उचलली नाही. ती सरगम त्यांनी वहीद खाँच्या संथ बढतीच्या पोटात नेऊन ठेवली. रजब अलींची तान घेतली, पण तिच्यासाठी ख्यालाचा ठेहराव मोडला नाही. तबलजीकडूनही त्यांना साधा, भरीव ठेकाच हवा असे. म्हणजे तिघांकडून घेतलेली प्रत्येक वस्तू मूळ जागेवरून उचलून दुसरीकडे बसवली. तिघांपैकी एकाचंच सगळं घेतलं असतं तर अमीर खाँ एक चांगले अनुयायी झाले असते. माझ्या मते त्यांचं मोठेपण या निवडीत आहे.

आता आपल्या रियाजाकडे वळू.

राग असा घ्या की ज्याची तालीम तुम्हाला गुरूकडून आधीच मिळाली आहे. अनोळखी राग ध्वनिमुद्रणावरून शिकायला गेलात तर राग कुठला आणि गवई कुठला हे वेगळं काढता येत नाही. अमीर खाँचा मारवा आणि दरबारी ही जोडी एका एलपीवर आहे आणि बहुतेक विद्यार्थ्यांचा हात आधी मारव्याकडे जातो. तसं करू नका. मारव्यात पंचम नाही, षड्जावर मुक्काम कमी, कोमल ऋषभ आणि धैवताचं राज्य. कान पक्का नसेल तर थोड्या वेळात धैवतच षड्ज वाटायला लागतो आणि सगळं गाणं घसरतं. मारव्यासाठी तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी निषादाला किंवा धैवताला लावतात, आणि मुळातच षड्ज ठाम ऐकू येण्याची सवय आधीपासून असावी लागते. यमन घ्या, भूप घ्या. दहा मिनिटांचा तुकडा पुरे. तासाभराची मैफल घेऊन बसू नका.

मग पट्टी. गवय्याचा सा पेटीवर शोधा. पुरुषांची पट्टी बहुधा काळी एक किंवा काळी दोन, स्त्रियांची पांढरी पाच किंवा काळी चार. काळी एक ते काळी चार यात सात अर्धस्वरांचं अंतर आहे. ध्वनिमुद्रणाची पट्टी मोबाइलवर इतकी चढवली तर आवाज विद्रूप होतो आणि कणस्वर (मुख्य स्वराला चाटून जाणारे स्वर), मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) ओळखू येत नाहीत. त्यापेक्षा मुद्रण आहे तसं ऐका, स्वर सरगमात लिहून घ्या आणि आपल्या पट्टीत आपल्या तानपुऱ्यावर गा. जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्यांच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. त्या सगळ्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांवर कोरलेल्या नसत, आणि वेगात सहा टक्क्यांचा फरक पडला की पट्टी अर्ध्या स्वरानं हलते. सा पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे सापडला तर आधी वेगावर शंका घ्या.

तबकडीची आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावत. त्या काळच्या गवयांनी तीन मिनिटांत आलाप, बंदिश, ताना असं सारं बसवलं, ते अफाट कौशल्य होतं. पण ते प्रमाण उचलून अर्ध्या तासाच्या ख्यालाला लावलं की दुसऱ्या आवर्तनालाच तान सुरू होते आणि पुढे करायला काही उरत नाही. तबकडीवरून मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ घ्या, एखाद्या जागेचा डौल घ्या. बढतीचा हिशेब मात्र लांब मुद्रणावरूनच घ्यावा.

आता मुख्य काम. पहिले तीन वेळा गायचंच नाही. हातानं फक्त ताल धरायचा आणि समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वेळ घड्याळाप्रमाणे लिहायची. मग कागदावर प्रत्येक आवर्तनासाठी एक ओळ आखा आणि तिला जेवढ्या मात्रा तेवढे रकाने. झूमऱ्याला चौदा, एकतालाला बारा. प्रत्येक ओळीत चारच गोष्टी टिपा : आवाज कुठल्या मात्रेला सुरू झाला, कुठे थांबला, त्या आवर्तनात सर्वांत वरचा स्वर कोणता लागला आणि न्यास, म्हणजे स्वरवाक्याचा मुक्काम, कशावर झाला. प्रत्येक कण, प्रत्येक मुरकी लिहायला बसलात तर कागद भरेल, पण हाती काही लागणार नाही.

सात-आठ ओळी भरल्या की कागद बोलायला लागतो. गवई गांधारावर किती आवर्तनं राहिला, पंचम कितव्या आवर्तनाला पहिल्यांदा दाखवला, तार षड्ज किती उशिरा आला, मुखड्यापूर्वी किती मात्रा रिकाम्या सोडल्या. अमीर खाँच्या गाण्यात या रिकाम्या मात्रा फार बोलक्या आहेत. ते बरेचदा विलंबित ख्यालाचा अंतरा, म्हणजे बंदिशीचा दुसरा भाग, गातच नसत. अस्थायीच्या, म्हणजे पहिल्या भागाच्या, आधारानं सगळं उभं करायचे. असे निर्णय हीच उचलण्याची वस्तू.

यानंतर मुद्रण बंद करा. समोर फक्त कागद. त्याच क्रमानं, त्याच न्यासस्वरांवर, तेवढ्याच विश्रांती ठेवून, पण स्वरवाक्यं आपली. पहिल्या दिवशी तोंडात त्यांचीच वाक्यं येतील. येऊ द्या. काही दिवसांनी तोच आराखडा दुसऱ्या रागाला लावा. यमनाचा आराखडा पूरियाकल्याणला. इथे उसनी वाक्यं आपोआप गळून पडतात, कारण ती त्या रागात बसतच नाहीत, आणि नवी करावी लागतात.

ताना लिहिताना वेग सत्तर-पंचाहत्तर टक्क्यांवर आणायला हरकत नाही. निम्म्याच्या खाली जाऊ नका, स्वर फाटतात. आणि आलाप कधीच हळू करून ऐकू नका; मींडीचा वेग हाच तिचा अर्थ असतो.

मेरुखंडाबद्दल बोलल्याशिवाय अमीर खाँचा विषय पुरा होत नाही. मेरुखंड म्हणजे निवडलेल्या स्वरांचे शक्य तेवढे सगळे क्रम गाणं; भेंडीबाजार घराण्यात ही शिस्त होती. तीन स्वरांचे क्रम सहा, चारांचे चोवीस, सातांचे ५,०४०. सातांच्या मागे लागू नका. यमनातले नि, रे, ग आणि तीव्र म घ्या आणि चोवीस क्रम लिहून काढा. मग एकेक गाऊन पाहा आणि जिथे यमनाचा चेहरा बिघडतो तो क्रम खोडा. उरतील त्यांचाच रियाज करा. प्रत्येक स्वराला अर्धा सेकंद दिला तर चोवीसच्या चोवीस अठ्ठेचाळीस सेकंदांत होतात, म्हणजे हा वेळखाऊ उद्योग नाही. चूक होते ती पुढे : विद्यार्थी हे क्रम पाढ्यांसारखे म्हणत सुटतो. दर दोन-तीन क्रमांनंतर एका स्वरावर थांबा, तानपुऱ्यात तो मिळाला का ऐका, मग पुढे जा.

सगळ्यांत मोठा धोका आवाजाच्या नकलेचा. अमीर खाँचा खर्ज भारदस्त, म्हणून विद्यार्थी हनुवटी खाली घेऊन गळा दाबतात. आवाज जाड वाटतो खरा, पण तार सप्तकात जाताना अडतो, श्वास लवकर संपतो आणि महिन्याभरात घसा बसायला लागतो. गवय्याचा आवाज त्याच्या देहातून आलेला असतो. तो घेता येत नाही आणि घेऊही नये. भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँची तबकडी ऐकली आणि गाण्याच्या ओढीनं घर सोडलं, हे आपण सारे जाणतो. पुढे ते करीम खाँचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्याकडे शिकले. आता दोघांचे आवाज शेजारी ठेवून ऐका : करीम खाँचा बारीक, रेशमी, भीमसेनांचा रुंद, बुलंद. घेतलं ते स्वराचं लावणं, स्वरात बुडून जाणं.

स्वतःची परीक्षा अशी करा. आराखड्यावरून गायलेलं पंधरा मिनिटांचं गाणं ध्वनिमुद्रित करा आणि आठवडाभर ऐकू नका. मग ऐकताना कागद घेऊन पुन्हा तेच रकाने भरा, या वेळी आपल्या गाण्याचे. बहुतेकांच्या कागदावर एकच दोष दिसतो : रिकाम्या मात्रा नाहीत. त्या दोन-दोननं वाढवत न्या आणि महिन्यानं पुन्हा मुद्रण करा. तोवर दुसऱ्या गवय्याचं ध्वनिमुद्रण हाती घेऊ नका. दुसरा गवई घ्याल तेव्हा त्याच्याकडून पहिल्यात नसलेली गोष्ट मागा. बढत एकाकडून घेतली असेल तर याच्याकडून तान किंवा बंदिशीचं शब्दोच्चारण. आणि दुसऱ्याची बंदिश मैफलीत गाल तेव्हा रचनाकाराचं नाव सांगून गा. अमीर खाँ स्वतः ‘सुररंग’ या नावानं बंदिशी बांधत, त्या गाणाऱ्यांनी तर ते नाव जरूर घ्यावं.