आधी प्रश्न पुण्याला विचारूया

मंडळी, नमस्कार.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गिलेन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढू लागले, तेव्हा आपल्यातले कितीतरी जण रोज पुण्याला फोन करत होते. हातापायांतलं बळ जात होतं, काहींना व्हेंटिलेटर लागला. राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यातच आहे. तिथे तपासणी झाली, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला.

जंतू कोणता, हा शास्त्रज्ञांचा प्रश्न. पण नांदेड, किरकटवाडी, खडकवासला ही २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेली गावं. तिथल्या घरांत वेगळंच विचारतील. विहिरीच्या पाण्यात रोज क्लोरीन पडतं का, ते कोण बघतं? पायाला मुंग्या येऊन चाल लटपटली तर आधी जायचं कुठे? या आजारावरच्या इम्युनोग्लोब्युलिन या औषधाचा खर्च झेपेल कसा? खासगी दवाखान्यातला रुग्ण महापालिकेला कळायला किती दिवस जातात? माझ्या मते हे सगळे संशोधनाचेच विषय आहेत, आणि तितक्याच तोलामोलाचे.

आपण राहतो त्या ब्रिटनमध्ये संशोधनाचे प्रश्न रुग्णांसोबत ठरवण्याची घडी बसली आहे. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गुडघ्याच्या संधिवाताबद्दल एक अभ्यास आला. संशोधकांचा भर औषधांवर होता, रुग्णांना मात्र शस्त्रक्रिया आणि आजाराची नीट माहिती यांवर संशोधन हवं होतं. २००४ मध्ये जेम्स लिंड अलायन्स सुरू झाली. तिच्या बैठकांत रुग्ण, त्यांची काळजी घेणारे आणि डॉक्टर-नर्स मिळून अनुत्तरित प्रश्नांतले पहिले दहा निवडतात. उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रश्न त्याआधी गाळलेले असतात.

पुण्यात हे जसंच्या तसं जमणार नाही. डॉक्टरसाहेब बोलू लागले की आशाताई गप्प होतात. म्हणून आशाताईंची आणि रुग्णांच्या घरच्यांची बैठक आधी, वेगळी घ्यावी. आशांना कामागणिक मोबदला मिळतो, तेव्हा त्या दिवसाची भरपाई द्यायलाच हवी. पाणीपुरवठ्याचे अभियंते हवेत. शास्त्रज्ञही हवेतच, कारण अजून न आलेल्या साथीबद्दल गावकरी काय विचारणार?

आपण इथून आरोग्यासाठी निधी पाठवतो, पण तो कशावर खर्चायचा हे आपणच ठरवतो. मला हे पटत नाही. यंदाच्या निधीतला पहिला वाटा या बैठकांना द्यावा: प्रवासभाडं, जेवण, बुडालेली मजुरी आणि सगळं मराठीत टिपून घेणारा माणूस. बाकीची रक्कम पुण्याहून प्रश्न येईपर्यंत राखून ठेवावी, असा ठराव मी कार्यकारिणीपुढे मांडते आहे.