फ्रेम, मात्रा आणि हवेत तरंगणारी बोंडे

विद्यार्थी मित्रांनो, स्नेहसंमेलनासाठी तुमच्यातल्याच काही जणांनी कापूस वेचणीच्या गाण्यावर जो व्हिडिओ केला, त्याच्या संकलनात मी दोन महिने तुमच्यासोबत बसलो होतो, आणि आज त्या प्रयोगांतून हाती काय लागले तेवढेच सांगणार आहे. सॉफ्टवेअर कोणते वापरावे हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो, पण तो फारसा महत्त्वाचा नाही. केडेनलाइव्ह किंवा डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती आपल्या कामाला पुरून उरते. लॅपटॉप अडखळत असेल तर हलक्या प्रॉक्सी फाइल (मूळ क्लिपच्या कमी दर्जाच्या प्रती) तयार करून त्यांवर संकलन करावे, म्हणजे झाले.

खरा प्रश्न मोजणीचा आहे. आपले गाणे केरवा या आठ मात्रांच्या तालात, मिनिटाला शंभर मात्रांच्या लयीत होते. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ स्थिर चित्रे, धरल्या तर एका मात्रेला १५ फ्रेम आणि आठ मात्रांच्या आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, १२० फ्रेम येतात. हा हिशेब कागदावर सरळ दिसतो; पण आपला ढोलकीवाला मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र) लावून वाजवत नव्हता, आणि तिसऱ्या कडव्यात रंगात येऊन त्याने लय थोडी वाढवली. त्यामुळे पहिल्या कडव्यावरून मोजून पुढे लावलेले सगळे कट तिथे उशिरा पडू लागले. शेवटी ध्वनीच्या आलेखातील प्रत्येक थापेचा उंचवटा पाहून हाताने खुणा कराव्या लागल्या. हे काम कंटाळवाणे आहे खरे, पण ते टाळून वर झगमगाट चढवला की व्हिडिओ गाण्याशी फटकून वागतो.

संथगतीचा प्रयोग आधी फसला. वावराच्या धुऱ्यावरून गात येणाऱ्या मुलीचा शॉट सेकंदाला ५० फ्रेमने टिपला आणि २५ च्या गतीने चालवला. चाल सुंदर संथ झाली, मात्र तिचे ओठ गाण्याच्या कितीतरी मागे राहिले. याला उपाय संकलनाच्या टेबलावर नाही. चित्रीकरणाच्या वेळीच गाणे दुप्पट वेगाने वाजवायचे आणि गाणाऱ्याने त्या वेगाने ओठ हलवायचे, मग पडद्यावर गती निम्मी होताच ओठ मूळ गाण्याला जुळतात. दुसऱ्या दिवशी आपण तसे केले. त्या घाईच्या गाण्याला हसून हसून तीन टेक वाया गेले, चौथा लागला.

काळाशी असा खेळ आपल्याकडे नवा नाही. दादासाहेब फाळके यांनी पहिला कथापट काढण्याआधी, १९१२ साली, वाटाण्याचा दाणा अंकुरून त्याचे रोप कसे होते ते थोडे थोडे टिपून काही क्षणांत वाढताना दाखवले होते, आणि भांडवल मिळवण्यासाठी तोच लघुपट त्यांच्या उपयोगी पडला.

आता क्रोमा कीविषयी, म्हणजे चित्रातला एक रंग काढून त्या जागी दुसरे दृश्य बसवण्याच्या युक्तीविषयी. पऱ्हाटीमागे, म्हणजे कपाशीच्या झाडांमागे, हिरवा पडदा बांधून नंतर तिथे रात्रीचे आकाश टाकायचे, असे ठरले होते. पडद्याचा हिरवा आणि पानांचा हिरवा यांत फरक आहे हे डोळ्यांना कळते; पण क्रोमा की करणारी आज्ञावली वस्तू ओळखत नाही, ती फक्त रंगाचा पल्ला ओळखते, आणि सुरकुत्या झाकण्यासाठी आपण तो पल्ला वाढवताच पडद्याबरोबर पानेही नाहीशी झाली. त्यातच मोबाइलचा साधा व्हिडिओ चार पिक्सेलमागे रंगाची एकच नोंद ठेवतो, त्यामुळे उरलेल्या कडाही कुरतडल्यासारख्या दिसत होत्या. निळा पडदा घेतला असता तर हे बरेचसे टळले असते.

पण पडद्यावर जे उरले होते ते पाहून सगळे गप्प झाले. काळ्या आकाशात फुटलेली पांढरीशुभ्र बोंडे तेवढी तरंगत होती, अधूनमधून एखादी तांबूस काडी. चूक दुरुस्त करायचे सोडून आम्ही ती मुद्दाम करून पाहू लागलो. मूळ क्लिप दोन थरांत ठेवली, खालच्या थरावर क्रोमा की लावलाच नाही, आणि वरच्या थरावरचा पल्ला एका आवर्तनात टप्प्याटप्प्याने वाढवला. त्याच आवर्तनात खालच्या थराची अपारदर्शकता शंभरावरून शून्यावर आणली. प्रत्येक वेळी बदलायचे ते एकच मूल्य आणि जतन करायची ती नवी प्रत, एवढे पथ्य पाळल्यामुळे सतराव्या प्रतीत हवे ते सापडल्यावर ते कशाने साधले हे सांगता आले. पाने १२० फ्रेममध्ये विरतात, एक आवर्तन फक्त बोंडे राहतात आणि समेवर, म्हणजे पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सगळे वावर एकदम परत येते. हा इफेक्ट पूर्ण गाण्यात एकदाच ठेवला. दोनदा ठेवण्याचा तुमचा आग्रह मी मोडून काढला, त्याबद्दल काहींचा राग अजून गेलेला नाही.

ज्यांच्या वावरात चित्रीकरण झाले त्या काकांना व्हिडिओ दाखवला तेव्हा नेमक्या त्याच ठिकाणी त्यांनी मोबाइल थांबवायला लावला, काच जवळ धरून निरखली आणि आपल्या पुतणीला विचारले, "पानं खाते अन् बोंडं सोडते, असी कोनती अळी आली वं पोरी?"