स्लेव्हचा जम्पर

मंडळी, मी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून पीसी असेंबल करायचो त्या काळातलं सांगतो. एका केबलवर दोन हार्ड डिस्क लावायच्या म्हणजे मागचा तो तांदळाएवढा जम्पर, म्हणजे दोन पिना जोडणारं टोपण, चिमट्याने ओढायचा, एक डिस्क मास्टर करायची, दुसरी स्लेव्ह, आणि गडबडीत दोन्ही मास्टर राहिल्या की डिस्क दिसायचीच नाही, मग परत कॅबिनेट उघडा. "अरे ती स्लेव्हला टाक" हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय देव जाणे, कधी काही वाटलं नाही. आता तेच मराठीत म्हणून बघा, "ती गुलामाला टाक". जीभ अडते ना? शब्द परका होता म्हणून टोचला नाही, एवढंच.

आणि हे रूपक काही फार पुराणं नाहीये बरं का. 1904 मध्ये केपटाऊनच्या वेधशाळेत डेव्हिड गिलने एका घड्याळाच्या तालावर चालणाऱ्या दुसऱ्या घड्याळाला स्लेव्ह म्हटलं, म्हणजे गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर. तिथून ते डिस्क, डेटाबेस सगळीकडे पसरलं. वेबसाइट बनवायच्या जँगोने हे शब्द 2014 मध्येच काढून टाकले, पायथन या प्रोग्रामिंग भाषेने 2018 मध्ये, आणि अमेरिकेत पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाचा मृत्यू झाल्यावर गिटहब या कोड ठेवायच्या साइटने 1 ऑक्टोबर 2020 पासून नव्या रेपोची, म्हणजे कोडच्या साठ्याची, मुख्य शाखा (डिफॉल्ट ब्रँच) मास्टरऐवजी मेन केली.

मघाशी एकजण म्हणाला, सर नाव बदलून कोणाचं पोट भरतं? बरोबर आहे, नाही भरत. पण डेटाबेसपुरतं सांगतो, तिथे मूळ डेटाबेसच्या कॉपीला स्लेव्ह म्हणायचे, आणि स्लेव्ह हा शब्द मुळात चुकीचाच होता, गुलाम काय मालकाची कॉपी करत बसतो का? रेप्लिका, म्हणजे प्रतिकृती, म्हटलं की नवीन पोराला न समजावता कळतं. गिट, म्हणजे कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, त्यातल्या मास्टर ब्रँचचं मात्र मला तितकंसं पटलेलं नाही, तिथे स्लेव्ह ब्रँच नावाचा प्रकारच नाही, आणि आमच्या कोड सर्व्हरवर चढवणाऱ्या डिप्लॉय स्क्रिप्टमध्ये मास्टर हे नाव थेट लिहिलेलं (हार्डकोड) होतं, ब्रँचचं नाव बदलल्यावर ती अडली, त्यामुळे रात्री अकराला मी लॉग बघत बसलो होतो तो राग वेगळाच!

गंमत बघा, ब्लॅकलिस्टवर सगळे तुटून पडतात, तिचा उगम वंशाशी जोडलेला नाही. आणि "जुन्या युजरना ग्रँडफादर केलंय", म्हणजे नव्या नियमातून सूट दिलीय, हे आपण मीटिंगमध्ये बिनधास्त बोलतो, किती गोड वाटतं, आजोबा वगैरे. ते आलंय अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून. तिथे मतदानासाठी लिहिता-वाचता येण्याची परीक्षा लावली, आणि ज्याच्या बापाला किंवा आजोबाला 1867 आधी मताचा हक्क होता त्याला सूट. काळ्या माणसाचा आजोबा तेव्हा गुलामीतून जेमतेम सुटलेला, त्याला कुठलं मत! 1915 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने हे रद्द केलं, शब्द राहिला. म्हणजे आपण कानाला काय खटकतं तेवढंच बघतो, उगम बघतच नाही.

उगम बघूनही सगळं सुटत नाही म्हणा. आपल्याकडे डिसेंबर 2020 मध्ये राज्य सरकारने महारवाडा, मांगवाडा अशी वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं. तिथे उगम शोधायला कोणाला डिक्शनरी लागली नाही, कारण ते नाव माणसाला प्रत्येक फॉर्मवर पत्ता म्हणून लिहावं लागत होतं. मी तिथूनच मोजतो, शब्द रोज कोणाच्या कपाळावर चिकटतोय. डिस्कला कपाळ नाही, पण टीममधल्या काळ्या माणसाला आहे, आणि तो "स्लेव्ह मेला, रिस्टार्ट कर" हे दिवसातून चारदा ऐकतो.

माझ्या एका जुन्या रेपोत अजून मास्टरच आहे. ती स्क्रिप्ट आठवली की हात मागे येतो.