आधी दारावरचे कागद वाचा

एंट्रन्स नवीन करायचंय म्हणून कोणी बोलावलं ना, की सगळ्यात आधी थ्रीडी व्ह्यू दाखवतात. दोन मजली काच, पाण्याचा पडदा, दगडात कोरलेलं नाव. मी म्हणतो ते राहू द्या, आधी दारावर चिकटवलेले कागद बघू.

हसू नका, सिरियसली सांगतोय. एका ऑफिस पार्कमधल्या बिल्डिंगच्या दारावर तीन कागद होते, सिक्युरिटीवाल्याने सेलोटेपने लावलेले, टेप पार पिवळी पडलेली. आतून 'ढकला', बाहेरून 'रिसेप्शन मागच्या बाजूला' आणि 'पायरी आहे, सावकाश'. आता 'ढकला' का लिहावं लागलं, तर दोन्ही बाजूंना तोच उभा स्टीलचा पाइप, आणि पाइप दिसला की हात ओढायलाच जातो. ढकलायच्या बाजूला पाइप काढून सपाट पट्टी लावा, कागदाचं काम संपलं.

दुसरा कागद जास्त महत्त्वाचा. ऑफिस पार्कमधल्या बिल्डिंगला धड पुढचा-मागचा भाग नसतो, चारही बाजूंना तीच काच, मग आर्किटेक्ट रस्त्याकडे तोंड करून भव्य दार देतो आणि माणसं येतात पार्किंगमधून. आम्ही दोन दिवस नुसते उभे राहून बघितलं, समोरच्या दारातून आला तो कुरिअरवाला, तोही चुकून! मग मेन एंट्रन्सच पार्किंगच्या बाजूला घेतलं. क्लायंटला जड गेलं, पण घेतलं.

त्यांना फिरता दरवाजा पण हवा होता. फिलाडेल्फियाच्या व्हॅन कॅनेलने 1888 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि उंच बिल्डिंगमध्ये तो खरंच कामाचा, कारण थंडीत आतली गरम हवा वर चढते, खालून गार हवा ओढली जाते आणि साधं दार उघडायलाही जोर लागतो. पण 1942 ला बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबला आग लागली, 492 माणसं गेली, फिरत्या दारात गर्दी अडकून दार जाम झालं होतं. त्यानंतर तिकडे नियमच आला की शेजारी बाहेर उघडणारं साधं दार पाहिजेच. व्हीलचेअर, ट्रॉली पण त्यातूनच जाणार. मग चार मजल्यांना हा खर्च कशाला? आम्ही एकामागे एक अशी दोन दारं दिली, मध्ये एवढं अंतर की पहिलं मिटल्याशिवाय माणूस दुसऱ्यापाशी पोचत नाही.

तिसरा कागद पायऱ्यांचा. चार पायऱ्या म्हणजे 60 सेंटीमीटर, 1:12 ने, म्हणजे एक मीटर चढायला बारा मीटर लांबी धरून, रॅम्प काढला तर 7.2 मीटर, आणि तो होता कुठे तर कचऱ्याच्या डब्यांमागे. मला हे बघून दरवेळी राग येतो, म्हणजे व्हीलचेअरवाल्याने मागून यायचं का? आम्ही पायऱ्याच काढून टाकल्या आणि 1:20 चा 12 मीटरचा वाट-चढ केला सगळ्यांसाठी, चालताना चढ आहे हे जाणवतही नाही. वर छत, म्हणजे लख्ख उन्हातून एकदम आत आल्यावर जी अंधारी येते ती थोडी बाहेरच ओसरते.

उद्घाटनानंतर तीन आठवड्यांनी गेलो तर नव्या दारावर कागद, तीच सेलोटेप. 'काच आहे'.

माझीच चूक. इतकी स्वच्छ काच दिली होती की दोघं जण आपटले होते. त्याच दिवशी फ्रॉस्टेड पट्ट्या मागवल्या, एक कमरेच्या उंचीला, एक डोळ्यांच्या.