आधी किडकिडा मुलगा शोधा: कॅप्टन अमेरिका पडद्यावर आणताना

(दृश्य: जुन्या कॉमिकचं मुखपृष्ठ. निळ्या-लाल पोशाखातला तरुण, त्याच्या ठोशाने कोलमडणारा हिटलर.)

कॅप्टन अमेरिकाचा हा पहिला अंक अमेरिकेतल्या स्टॉलवर आला २० डिसेंबर १९४० रोजी. वर छापलेला महिना होता मार्च १९४१. पर्ल हार्बरवर हल्ला व्हायला अजून जवळजवळ वर्ष होतं. अमेरिका युद्धात उतरली नव्हती, आणि तिने उतरूच नये असं म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा होता. अशा वेळी जो सायमन आणि जॅक कर्बी या दोन ज्यू तरुणांनी आपल्या नायकाला झेंड्याचे रंग चढवले आणि पहिल्याच मुखपृष्ठावर त्याला थेट हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारायला लावला. प्रकाशकाच्या कार्यालयाला धमक्या आल्या.

कॅप्टन अमेरिकावर चित्रपट करायला घेणाऱ्याने इथूनच सुरुवात करायला हवी. हा नायक जन्मला तेव्हा तो सरकारची री ओढत नव्हता. सरकार जे करायला कचरत होतं, ते तो आधी करून मोकळा झाला होता. पोशाखावरचा तारा आणि पट्टे दिसतात सगळ्यांना. हा अवखळ, हट्टी स्वभाव मात्र पडद्यावर यायला सत्तर वर्षं लागली.

(दृश्य: कृष्णधवल चित्रफितीचे तुकडे.)

१९४४ साली रिपब्लिक या कंपनीने त्याची पंधरा भागांची चित्रपट-मालिका काढली. डिक पर्सेल नायक होता. पण मूळ कथेत पोशाखाआड असलेला स्टीव्ह रॉजर्स गायब. त्याच्या जागी ग्रँट गार्डनर नावाचा सरकारी वकील. अंगात ताकद आणणारं सीरम नाही, ढाल नाही, हातात पिस्तूल. १९७९ मध्ये टीव्हीसाठी दोन चित्रपट झाले. रेब ब्राउन हा धिप्पाड नट, मोटरसायकल आणि पारदर्शक ढाल. १९९०च्या चित्रपटात मॅट सॅलिंजर होता. तिथे त्याचा कट्टर शत्रू रेड स्कल जर्मनऐवजी इटालियन झाला आणि नायकाच्या मुखवट्यावर रबराचे कान बसवले गेले.

या तिन्हींत पैसा कमी होता हे खरं. पण मुळातली चूक पैशाची नव्हती. पोशाख कुणाला शोभेल, हे आधी ठरलं आणि माणूस कोण, हे नंतर. स्टीव्ह रॉजर्स हा लष्करभरतीत नापास झालेला, दमेकरी, काटकुळा मुलगा आहे. त्याच्या हाती ताकद पडते ती त्याच्या स्वभावामुळे. तो मुलगा पटला नाही, तर पुढचे दंड आणि छाती निव्वळ व्यायामशाळेची जाहिरात ठरते.

म्हणून पात्रनिवड करताना मारामारीचं दृश्य देऊ नये आणि भाषणही देऊ नये. भाषण कुठलाही बरा नट मारून नेतो. स्क्रीन टेस्टला चार साधे प्रसंग पुरतात. भरती कार्यालयात नकाराचा शिक्का बसतो आणि त्याला गप्प राहून कागद उचलायचा आहे. गल्लीत मार खाऊन तो पुन्हा उभा राहतो, पण चेहऱ्यावर शौर्याचा भाव आणायचा नाही. एका स्त्रीशेजारी गाडीत बसून काय बोलावं ते सुचत नाही. आणि चौथा सगळ्यात अवघड. समोरचा माणूस पाच मिनिटं बोलतोय आणि याला फक्त ऐकायचं आहे. इथे बहुतेक नट घसरतात. ऐकताना ते आपल्या पुढच्या वाक्याची तयारी करत असतात आणि कॅमेरा ते पकडतो. शरीर काही महिन्यांच्या सरावाने बनतं. ऐकणारे डोळे बनवता येत नाहीत.

मार्च २०१० मध्ये २०११च्या चित्रपटासाठी क्रिस इव्हान्सची निवड झाली तेव्हा बऱ्याच चाहत्यांनी कपाळाला हात लावला. २००५ आणि २००७ साली त्याने याच कॉमिक्सच्या जगातला ह्युमन टॉर्च केला होता. बडबड्या, मिजासखोर, मुलींमागे धावणारा. पण तेव्हाही त्याच्याकडे एक गोष्ट होती. विनोद फसला की त्याचा चेहरा पटकन उघडा पडायचा. दिग्दर्शक जो जॉन्स्टनने नेमका तोच उघडेपणा वापरला. कॅप्टनच्याच भूमिकेसाठी चाचणी दिलेला सेबॅस्टियन स्टॅन पुढे स्टीव्हचा मित्र बकी झाला, आणि ही योजना उत्तम होती. बकीकडे पाहून प्रेक्षकाला वाटलं पाहिजे की नायक खरं तर हाच व्हायचा. तेव्हाच सावली शेजारच्या काटकुळ्यावर पडते. या दोन भूमिकांची चाचणी वेगवेगळी घेण्यात अर्थ नाही. दोघांना एका खोलीत उभं करूनच ठरवावं.

(दृश्य: खांद्यावरून ओघळणारा शर्ट घातलेला किडकिडा स्टीव्ह. मागे हिरवा पडदा.)

आता तो किडकिडा मुलगा दाखवायचा कसा? २०११च्या चित्रपटात यावर सगळ्यात जास्त डोकं खर्च झालं आहे. लोला या व्हिज्युअल इफेक्ट्स स्टुडिओने बहुतेक दृश्यांत इव्हान्सलाच फ्रेम-दर-फ्रेम आक्रसवलं. त्यासाठी प्रत्येक दृश्य किमान चार वेळा चित्रित व्हायचं. एकदा नेहमीसारखं, सगळ्या नटांसोबत. मग इव्हान्स एकटा, हिरव्या पडद्यासमोर, म्हणजे त्याची आकृती वेगळी काढून लहान करता येईल. तिसऱ्यांदा सगळे नट, पण इव्हान्सची जागा रिकामी. आक्रसलेला स्टीव्ह तिथे बसवायचा, तर त्याच्या मागची भिंत आणि माणसं लागतातच. चौथ्यांदा लिअँडर डीनी हा सडपातळ नट त्याच हालचाली करायचा. स्टीव्ह बसलेला किंवा आडवा असेल, अंगाची हालचाल कमी असेल, तिथे डीनीच्या धडावर इव्हान्सचं डोकं बसवता यायचं.

सगळ्यात जास्त गफलत नजरेत होते. इव्हान्स लहान झाला की त्याचे डोळे खाली सरकतात. समोरच्या नटाने खऱ्या डोळ्यांत पाहिलं असेल, तर पडद्यावर तो स्टीव्हच्या डोक्यावरून पलीकडे पाहतोय असं दिसतं. म्हणून क्लोज-अपमध्ये इव्हान्सच्या हनुवटीवर खूण केली जायची. बाकीच्यांनी त्या खुणेकडे पाहायचं. आणि इव्हान्सने समोरच्याच्या डोक्याच्या वर केलेल्या खुणेकडे. जिथे दोघे एकाच चौकटीत उभे, तिथे बाकीच्यांना खोक्यांवर किंवा उंच फळ्यांवर चढवायचं, नाहीतर इव्हान्सला खाली घ्यायचं.

चार वेळा चित्रण म्हणजे वेळापत्रक फुगणार. निर्माता म्हणेल, किडक्या स्टीव्हची दृश्यं कमी करा. तिथे अजिबात मागे हटू नये. सरावाच्या मैदानात खोट्या हातबॉम्बवर तो झेप घेतो, ते त्या किडक्या अंगानेच घ्यायला हवं. हातबॉम्ब खोटा आहे हे त्याला ठाऊक नसतं, आणि पळणारे सगळे धडधाकट असतात. एवढ्या एका दृश्याने सीरमसाठी त्याला निवडणाऱ्या डॉ. अर्स्काइनची निवड योग्य ठरते आणि नटाचीही.

हाताशी मोठा स्टुडिओ नसेल तर जुने उपाय आहेत. एक नंबर मोठी कॉलर, लांब बाह्या, थोडं उंच टेबल, मोठ्या मापाची खुर्ची, कॅमेरा डोळ्यांच्या किंचित वर, आणि सोबत सहा फुटी नट. यातून धडाचा भास बराच साधतो, पण चालताना पितळ उघडं पडतं, म्हणून चालण्याची दृश्यं कमरेच्या वर कापावीत. किडक्या स्टीव्हसाठी दुसरा नट घेऊन नंतर बदलणं मात्र टाळावंच. प्रेक्षकाचा जीव पहिल्या चेहऱ्यात अडकलेला असतो. सीरमच्या यंत्रातून वेगळा चेहरा बाहेर आला, तर नायक मेला आणि कुणी पाहुणा आला असं वाटतं.

(दृश्य: रंगमंच, नाचणाऱ्या मुली, कागदाकडे चोरून पाहत संवाद म्हणणारा नायक.)

पात्रनिवडीनंतर पटकथेचा कणा एका प्रश्नावर उभा राहतो. हा माणूस झेंडा अंगावर घालतो कधी, आणि कुणाच्या सांगण्यावरून? क्रिस्टोफर मार्कस आणि स्टीव्हन मॅकफीली या लेखकांनी याचं जे उत्तर काढलं, ते या सगळ्या रूपांतरातलं सर्वांत हुशार पाऊल आहे. सीरम मिळूनही सैन्य त्याला आघाडीवर पाठवत नाही. सरकार त्याला युद्धरोखे विकायला गावोगावच्या रंगमंचांवर उभं करतं. झेंड्याचा पोशाख तिथे प्रथम येतो. पातळ कापड, पंख चिकटवलेली टोपी, हातात तिकोनी ढाल. ॲलन मेन्कनने खास त्या काळच्या धाटणीची चाल बांधली. हे सगळं खोटं आहे हे त्याला कळतं, आणि खऱ्या सैनिकांसमोर उभं राहिल्यावर तर ते असह्य होतं. मग तो हुकूम मोडून बंदी सैनिकांना सोडवायला निघतो. तेव्हा त्याच नाटकी पोशाखावर चामडी जाकीट असतं आणि हातात तीच रंगमंचावरची ढाल. गोल ढाल आणि लढाईचा जाड गणवेश येतो त्यानंतर, कमावून.

तिकोनी ढालीमागे इतिहास आहे. पहिल्या अंकात ढाल तिकोनीच होती. एमएलजे या दुसऱ्या प्रकाशकाच्या ‘शील्ड’ नावाच्या झेंडाधारी नायकाचा छातीवरचा आकार तसाच होता. त्यांनी हरकत घेतली आणि दुसऱ्या अंकापासून ढाल गोल झाली. प्रकाशकांच्या भांडणातून झालेला बदल चित्रपटाने नायकाच्या वाढीची पायरी म्हणून वापरला. मूळ सामग्री अशी वाचावी.

चित्रीकरणाच्या ढाली चार प्रकारच्या होत्या. जवळून दाखवायला ॲल्युमिनियमची. रोजच्या वापराला पुढून ॲल्युमिनियम आणि मागून फायबरग्लासची हलकी. स्टंटसाठी रबरासारख्या पॉलियुरेथेनची. आणि पाठीवर अडकवायला अगदी मऊ, म्हणजे पडला तरी कणा सलामत. फेकलेली ढाल बहुधा संगणकावरची. नट फक्त हात फिरवतो. इथे एक गोष्ट हमखास चुकते. हातातून वजन सुटलं की खांदा पुढे ओढला जातो आणि पायाचा तोल बदलतो. रिकाम्या हाताने फेकताना हे होत नाही, आणि ढाल कागदाची वाटू लागते. म्हणून आधी वजनदार ढालीने सराव करून घ्यावा, मग हात रिकामा करावा.

खलनायकाबद्दल थोडक्यात. लढाई एका देशाच्या लोकांविरुद्ध न ठेवता हायड्रा या संघटनेविरुद्ध ठेवली, आणि सीरम बनवणारा अर्स्काइन स्वतः जर्मन. देशप्रेम आणि दुसऱ्या देशाचा द्वेष यांत त्यामुळे अंतर राहतं. तरीही नावात अमेरिका असलेला चित्रपट बाहेर विकायचा म्हणजे जोखीम होतीच. रशिया, युक्रेन आणि दक्षिण कोरिया इथे नावातून ‘कॅप्टन अमेरिका’ काढून तो प्रदर्शित झाला.

कॉमिकमधला बकी हा युद्धात लढणारा पोरगा होता. १९४१च्या वाचकाला ते चाललं, आजच्या पडद्यावर लहान मुलाच्या हाती बंदूक देणारा नायक कुणाला पटणार नाही. चित्रपटाने त्याला स्टीव्हच्या बरोबरीचा मित्र केलं. कॉमिकमध्ये मेलेला मानलेला बकी २००५ मध्ये लेखक एड ब्रूबेकरच्या लेखणीतून विंटर सोल्जर म्हणून परत आला. २०१४च्या चित्रपटाला तो धागा मिळाला, आणि त्यात सरकारी यंत्रणेतल्या वरिष्ठाच्या भूमिकेला रॉबर्ट रेडफर्ड. १९७०च्या दशकातल्या राजकीय थरारपटांचा हा चेहरा आत शिरला की संशयाची हवा आपोआप तयार होते. नटाच्या मागच्या भूमिका अशा कामाला लावता येतात.

पुढच्या कथांसाठी युद्धाच्या अखेरीला गोठून बऱ्याच वर्षांनी बर्फातून जागा झालेला माणूस, ही १९६४ साली आलेली कल्पना अजून संपलेली नाही. फक्त त्याला मोबाइल पाहून दचकवण्यात वेळ घालवू नये. त्याचं जे गेलं, ते यंत्रांत नाही, माणसांत आहे. दुसरा धागा १९७४चा. वॉटरगेटच्या दिवसांत लेखक स्टीव्ह इंगलहार्टने नायकाला सत्तेच्या शिखरावरचा कट उघडा करायला लावला आणि मग पोशाखच उतरवायला लावला. काही काळ तो नोमॅड म्हणून वावरला, म्हणजे देश नसलेला भटक्या.

१९६९ मध्ये कॉमिकमध्ये आलेला स्टीव्हचा साथीदार सॅम विल्सन आता पडद्यावर ढाल सांभाळतो. त्याच्या अंगात सीरम नाही, त्यामुळे मारामारी बसवणाऱ्याचं गणित बदलतं. स्टीव्ह ठोसा झेलून उभा राहतो, सॅमला तो चुकवावा लागतो. लागलेला प्रत्येक फटका पुढच्या दृश्यात लंगडताना, बरगडी धरताना दिसला पाहिजे. नाहीतर दोघांतला फरकच पुसला जातो.

(दृश्य: भिंतीवरचे जुने फोटो. कॅमेरा सावकाश सरकतो.)

आणि आयझाया ब्रॅडली. २००३ सालच्या कॉमिकमध्ये रॉबर्ट मोरालेस आणि काइल बेकर यांनी त्याला उभं केलं. सीरमचे प्रयोग आधी कृष्णवर्णीय सैनिकांवर झाले, ही त्यामागची कल्पना. अलाबामात टस्कीगी इथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना अंधारात ठेवून जो अभ्यास चालला, तो आठवल्याशिवाय ही कथा वाचताच येत नाही. आयझाया परवानगीशिवाय तो पोशाख उचलून मोहिमेवर जातो, परततो, आणि त्याला तुरुंगात टाकलं जातं. २०२१च्या मालिकेत कार्ल लम्बलीने त्याचं म्हातारपण जबरदस्त केलं. पण त्याचं तरुणपण संपूर्ण चित्रपट मागतं आहे, आणि त्यासाठी सेकंडभरही नायकासारखं उभं न राहणारा नट हवा.

कॉमिकच्या अखेरीला स्टीव्ह त्याच्या घरी जातो. तोवर आयझायाच्या मनावर सीरमचा घाव पडलेला असतो, तो बोलत नाही. स्टीव्ह त्याच्या हाती त्याचा फाटका, जळका पोशाख परत देतो, आणि दोघे शेजारी उभे राहून फोटो काढतात. या प्रसंगाला संवाद लागत नाही. कपडा हातात आल्यावर आयझायाची बोटं त्यावरून कशी फिरतात, एवढंच जवळून घ्यायचं आहे.