जात्याचा खुंटा आणि अडलेला आवाज

नमस्कार श्रोतेहो.

आज मी आवाज आणि हालचाल यांच्या उपचाराबद्दल बोलणार आहे. रडू येत नाही, बोलायला सुचत नाही, कुणी विचारलं तर "काही नाही, बरं आहे" एवढंच तोंडातून निघतं, असं माणूस तुमच्या घरात किंवा शेजारात असेल. त्याला आपण काय म्हणतो? "अगं बोल ना, मनात ठेवू नकोस." म्हणजे जे अडलंय तेच आपण त्याच्याकडे मागतो. माझ्या कामाचा क्रम याच्या उलटा आहे. आधी हालचाल, मग आवाज, शब्द सर्वांत शेवटी. हा क्रम लक्षात ठेवा, मी तो पुन्हा सांगणार आहे. आधी हालचाल, मग आवाज, शब्द सर्वांत शेवटी.

हे काम नव्यानं निघालेलं फॅड नाही. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात मॅरियन चेस नावाच्या नर्तकीनं १९४२ साली रुग्णांबरोबर काम सुरू केलं. कित्येक रुग्ण बोलणं सोडून बसलेले. ती त्यांना नाच शिकवत नसे. समोरचा जसा हलतोय तसंच ती हलायची. तो पुढेमागे डोलत असेल, तर तीही डोलायची. आपल्यासारखंच कुणीतरी हलतंय हे त्याला दिसलं, की त्याची नजर वर यायची. तिथून पुढे नृत्य-हालचाल उपचार ही एक विद्याशाखा झाली.

आवाजाच्या बाजूनं मागं गेलं, की आपण पहिल्या महायुद्धाच्या खंदकात पोचतो. आल्फ्रेड वुल्फसोन हा बर्लिनचा ज्यू तरुण, जन्म १८९६. युद्धात त्यानं मरणाऱ्या सैनिकांच्या किंकाळ्या ऐकल्या. युद्ध संपलं, तो घरी आला, पण किंकाळ्या कानातून जाईनात. शेवटी तो गाणं शिकू लागला आणि जे आवाज त्याला छळत होते तेच स्वतःच्या गळ्यातून काढू लागला. घोगरे, चिरके, फाटके, सगळे. तो त्यातून सावरला, आणि पुढे आयुष्यभर, आधी बर्लिनमध्ये आणि मग लंडनमध्ये, माणसांना त्यांचा दडलेला आवाज काढायला शिकवत राहिला. गळ्यातून जे निघेल ते सुंदर असलंच पाहिजे अशी अट त्यानं घातली नाही.

ही अट आपल्याकडे मात्र भलतीच कडक आहे, आणि याबद्दल मला बोलायचंच आहे. शाळेत समूहगान बसवताना एखाद्या मुलाला मागच्या रांगेत उभं करून सांगतात, "तू नुसते ओठ हलव." आठ-नऊ वर्षांचं मूल ते. ते ओठ पुढे चाळीस वर्षं नुसते हलत राहतात. माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसांपैकी कितीतरी जण पहिल्या दिवशी सांगतात, "मी बेसूर आहे." तुम्हाला कुणी सांगितलं, असं विचारलं, की शाळेतला तो दिवस तारखेसकट आठवतो. मुलींना तर घरातूनच "हळू बोल, हळू हस." मग मोठेपणी आपण तिला म्हणतो, मन मोकळं कर. कशानं करेल?

आणि मंगळागौर. फुगडी, झिम्मा, पिंगा, यांत केवढं सामर्थ्य आहे! बसफुगडी घालताना दर उडीला पोटातून श्वास बाहेर फेकला जातो, तोंडानं आपोआप "फू" निघतं. सासरी वर्षभर दबून असलेल्या मुलीला एका रात्रीपुरता आवाजही मिळायचा आणि अंगही मिळायचं. आता रंगमंच, एकसारखी नऊवार, परीक्षक, गुण. फुगडीला गुण कशाचे द्यायचे? मला ते पाहवत नाही. घरी, बैठकीत, जाजम गुंडाळून घातलेली फुगडीच खरी.

असो. आता तुम्हाला एक हकीकत सांगते. कुणाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

भोर तालुक्यातल्या एका गावात बचत गटाच्या बायकांबरोबर मी दर गुरुवारी बसत असे. जागा मारुतीच्या देवळाचा सभामंडप. वेळ दुपारी अडीचची, कारण तेव्हा भांडी आवरलेली असतात आणि धारेला अवकाश असतो. आम्ही फेर धरायचो. हात वर, हात खाली, टाळ्या, पाय. मग आवाज. मी म्हणायचे, ओढ्यापलीकडच्या शेतात कुणीतरी आहे, त्याला हाक मारा. अशी हाक मारायला अंग सगळंच लागतं, पाय रोवावे लागतात, छाती उघडावी लागते. बायका अशा काही हाका मारायच्या, की देवळाच्या शिखरावरची कबुतरं उडायची.

तिथे एक आजी यायच्या. यायच्या म्हणजे सून आणून बसवायची. त्यांचा थोरला मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला होता. तेव्हापासून आजींचं सगळं बोलणं "हं" आणि "नगं" एवढ्यावर आलेलं. डॉक्टरांना दाखवलं होतं. कान ठीक, घसा ठीक, गोळ्या चालू. सून मला म्हणाली, "रडल्याच न्हाईत हो ताई. मयतीलाबी न्हाईत."

आजी खांबाला टेकून बसायच्या. डोक्यावर पदर, नजर घंटेकडे. फेरात आल्या नाहीत, हाक मारली नाही. मी आग्रह केला नाही. पण एक गोष्ट मला दिसत होती. त्यांचा उजवा हात मांडीवर असायचा आणि तो गोल फिरायचा. बारीक, सावकाश, गोल. सुनेला विचारलं तर म्हणाली, "घरीबी करत्यात. झोपंतबी."

मी ते बरेच गुरुवार पाहत होते. त्या गटात आजींच्याच वयाच्या एक मावशी होत्या, दोघी शेजारणी. एकदा फेर संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या, आजींच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "ताई, ती दळतीया."

श्रोतेहो, माझ्या अंगावर काटा आला. चाळीसएक वर्षं पहाटे उठून दळण दळलेला तो हात. तोंड बंद झालं होतं, पण हात चालू होता. म्हणजे वाट बंद नव्हती.

पुढच्या गुरुवारसाठी आम्ही जातं शोधायला निघालो. गावात गिरणी आल्याला जमाना झाला, जातं उरलंय ते लग्नात हळद दळण्यापुरतं. एका घराच्या पडवीत सापडलं, वर पाण्याचा हंडा ठेवलेला. खुंटा मोडला होता. सुतारानं बाभळीचा नवा बसवून दिला, पैसे घेतले नाहीत. दोघातिघांनी उचलून ते सभामंडपात आणलं, खाली गोणपाट अंथरलं, आणि सुनेनं सुपात ज्वारी आणली.

आजींना कुणी बोलावलं नाही. मावशी जात्याजवळ बसल्या, मूठभर दाणे टाकले आणि एकटीनंच ओढायला सुरुवात केली. थोड्या वेळानं कुणाकडेही न बघता म्हणाल्या, "एकटीला जड जातंय."

आजी उठल्या. खांबापासून जात्यापर्यंत आल्या, एक पाय पसरला, एक दुमडला, आणि मावशींच्या हाताच्या वर खुंट्याला हात घातला.

पहिल्यांदा नुसती घरघर. बराच वेळ नुसती घरघर. मंडपात तीसएक बायका आणि कुणी बोलत नाही. मी आजींचा श्वास बघत होते. खुंटा अंगाकडे ओढला की श्वास सुटायचा, हात लांब गेला की आत यायचा. दोघींचा श्वास एक झाला. मग त्या सुटत्या श्वासाला आवाज लागला. "हूं." अगदी बारीक. प्रत्येक फेऱ्याला "हूं."

मावशींनी ओवी धरली. पहिली देवाची, रीतच आहे ती. आजी "हूं" करत राहिल्या. दुसरी ओवी मावशींनी आईची घेतली. ओवी दोन ओळींची असते हे तुम्ही जाणताच. मावशींनी पहिली ओळ म्हटली आणि तिथंच तोंड मिटलं. हात थांबवला नाही, तोंड मिटलं. जात्याचा एक फेरा झाला. दुसरा झाला. तिसऱ्या फेऱ्याला ती अर्धी ओवी आजींनी पुरी केली.

घोगरा आवाज. किती दिवसांत न वापरलेला. पण सूर अचूक आणि शब्द पूर्ण.

त्यानंतरची ओवी आजींची स्वतःची होती. ती मी इथे म्हणणार नाही. ती त्यांची आहे आणि त्या मंडपात होत्या त्या बायकांची. एवढंच सांगते, की तिच्यात मुलाचं नाव होतं. नाव आलं आणि आवाज फुटला, आणि आजी रडल्या. बायका उठल्या, आपल्याकडे लगेच "गप, गप, रडू नये" सुरू होतं ना. मी हातानं खुणावलं, बसा. मावशींनीही मान हलवली. जातं थांबलं नाही. रडतानाही आजींचा हात फिरत होता, मावशींचा हात त्यांच्या हाताला लागून होता, आणि पीठ पडत होतं. सुपातली ज्वारी संपली तेव्हाच जातं थांबलं.

पुढच्या गुरुवारी आजी स्वतः चालत आल्या. जात्याजवळ बसल्या, सुपात हात घातला, चार दाणे बोटांत चुरून बघितले आणि सुनेला म्हणाल्या, "दाणं दमट हाईत. ऊन न्हाई दावलं?"

अपघातानंतरचं त्यांचं पहिलं पूर्ण वाक्य ते. सून काही न बोलता सूप घेऊन उन्हात गेली.

त्या एका दुपारीत आजी बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. गोळ्या पुढे बरेच महिने होत्या, डॉक्टरांकडे जाणं होतं, आणि आमचे गुरुवार होते. पण क्रम बघा. आधी हालचाल, मग आवाज, शब्द सर्वांत शेवटी. आम्ही आजींकडे शब्द मागितलेच नाहीत.

जात्यावर बसलं की ओवी सुचते, ही म्हण आपण सगळेच वापरतो, पण तिच्यातलं शरीर विसरतो. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी पुण्याला राहून, मुळशीपासून सुरुवात करत, गावोगावच्या बायकांच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून जास्त. आज त्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या, म्हणजे 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. ऐका त्या. नवऱ्याचा मार, भावाची माया, मेलेलं मूल, सासूचं बोलणं, सगळं त्यात आहे. जे बाईला चारचौघांत म्हणता येत नव्हतं ते ती दगडाला सांगायची, हात फिरवत. उपचार हा शब्द तेव्हा कुणी वापरला नसेल.

वैद्यकातही याचा एक पक्का धागा आहे. पक्षाघातानंतर मेंदूची डावी बाजू दुखावली की काही जणांची वाचा जाते. तरीही त्यातल्या कित्येकांना गाता येतं. 'पाणी' म्हणता येत नाही, पण ओळखीचं भजन शब्दांसकट म्हणता येतं. १९७३ मध्ये बॉस्टनच्या तज्ज्ञांनी यावरून एक पद्धत बसवली. साधं वाक्य सुरात म्हणायचं आणि रुग्णाच्या डाव्या हातानं प्रत्येक अक्षराला ठेका धरायचा. पुन्हा तेच, हात आणि सूर आधी. तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर वाचा-उपचार तज्ज्ञांना याबद्दल जरूर विचारा.

हे काम शिकायचं असेल तर आपल्या देशातही सोय झाली आहे. कोलकात्याची 'संवेद' ही संस्था, सोहिनी चक्रवर्ती यांनी २००४ मध्ये सुरू केलेली, मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींबरोबर नृत्य-हालचाल उपचाराचं काम करते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत त्यांच्या सहकार्यानं या विषयाची पदविका उभी राहिली.

आता घरी करण्यासारखं. एकट्यानं उभं राहा, चपला काढून. गुडघे थोडे सैल. तुमच्या हाताला जी हालचाल सवयीची आहे ती करा. कणीक मळण्याची, धुणं पिळण्याची, शिलाई मशीनची, विळ्यानं कापण्याची. हवेत करा, मोठी करा, खांद्यापासून करा. श्वास सोडताना ओठ मिटून "म्" असा आवाज निघू द्या. सूर शोधू नका. आवाज वाढला तर वाढू द्या, तोंड उघडावंसं वाटलं तर उघडा. चाळीत किंवा फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा संकोच वाटत असेल, तर मिक्सर लावलेला असताना करा, नळ सोडलेला असताना करा. पाच मिनिटं पुरे. शब्द आले तर येऊ द्या, नाही आले तर मागू नका.

चक्कर आली तर बसा. दम्याचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर बसूनच करा आणि डॉक्टरांना विचारून करा. आणि रडू आलं तर हात थांबवू नका. रडू आवरेनासं झालं, झोप उडाली, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटू लागलं, तर एकट्यानं पुढे जाऊ नका. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, किंवा १४४१६ या 'टेलि-मानस'च्या मोफत क्रमांकावर फोन करा, मराठीत बोलता येतं. क्रमांक पुन्हा सांगते. एक, चार, चार, एक, सहा.

नमस्कार.