मोफत धड्यांसाठी पैसे कशाला?

[दृश्य: टेबलावर अर्जांची चळत. एक हात पानं उलटत खर्चाच्या तक्त्याशी थांबतो.]

एका शाळेनं मुक्त शैक्षणिक साहित्य, म्हणजे कुणालाही मोफत वापरता येईल असे खुले धडे, शोधण्यासाठी अनुदान मागितलं आहे. उद्देश नेटका लिहिलाय, मुख्याध्यापकांची सही आहे, शिक्का आहे. छाननी करणारी व्यक्ती खर्चाच्या तक्त्यापाशी येते आणि तिथंच अडते. साहित्य मोफत मिळतं, मग पैसे कशाचे?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर अर्जाच्या पहिल्या पानावर असायला हवं. साहित्याला किंमत नसली तरी ते शोधणाऱ्या, तपासणाऱ्या आणि आपल्या वर्गाजोगं करून घेणाऱ्या शिक्षकाच्या वेळेला आहे. अनुदान मागायचं ते या वेळेसाठी.

[दृश्य: जुन्या संगणकाचा पडदा, अभ्यासक्रमांची यादी सरकते.]

थोडं मागं जाऊ. एप्रिल 2001 मध्ये एमआयटी या अमेरिकी विद्यापीठानं आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं करणार असल्याचं जाहीर केलं. त्यासाठी ह्यूलेट आणि मेलन या दोन प्रतिष्ठानांनी पैसे दिले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या बैठकीत अशा साहित्याला ‘मुक्त शैक्षणिक संसाधनं’ हे नाव मिळालं आणि डिसेंबर 2002 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) या संस्थेचे पहिले परवाने आले. आपलं साहित्य इतरांनी कोणत्या अटींवर वापरावं, हे कर्ता या परवान्यांतून आधीच सांगून ठेवतो. 25 नोव्हेंबर 2019 रोजी युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेनं या विषयावर एक शिफारस स्वीकारली. साहित्य शोधण्याची, वापरण्याची, त्यात बदल करण्याची क्षमता शिक्षकांमध्ये वाढवावी, असं ती सदस्य देशांना सांगते. अर्जात एकाच दस्तऐवजाचा आधार द्यायचा असेल, तर तो हाच द्यावा.

[दृश्य: शिक्षक-खोली. वर्ग सुटलेत. एक शिक्षिका संगणकापुढे.]

आता प्रत्यक्ष शोध कसा चालतो ते पाहू.

या बाई गणित शिकवतात. वर्गातली बरीच मुलं एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश अशी करतात. अंशात अंश मिळवला, छेदात छेद. दोन पंचमांश हे मुळात एक द्वितीयांशापेक्षाही लहान आहेत, मग बेरीज सुरुवातीच्या संख्येपेक्षा कमी कशी होईल? हे मुलांना डोळ्यांनी दिसावं, असा पाठ बाईंना हवाय.

पहिला व्हिडिओ निघतो तो लसावि काढण्याची रीत घडाघडा सांगून मोकळा होतो. दुसरी कृतिपत्रिका बरी आहे, पण उत्तरसूचीत चूक आहे. तिसरा पाठ मात्र अगदी मनासारखा. कागदाच्या पट्ट्या शेजारी शेजारी ठेवून तुलना, आधी अंदाज, मग मोजणी. भाषा तेवढी परकी आहे. भाषांतर करून घेऊ, असं बाई ठरवतात आणि पान खाली सरकवतात.

[दृश्य: पानाच्या तळाशी बारीक अक्षरांतली ओळ, कॅमेरा जवळ जातो.]

तिथं लिहिलंय: सीसी बाय-एनसी-एनडी.

यातलं ‘बाय’ म्हणजे मूळ कर्त्याचं नाव द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. आणि ‘एनडी’ म्हणजे बदललेली आवृत्ती इतरांना देऊ नका. भाषांतर हाही बदलच धरला जातो. हा पाठ जसाच्या तसा वर्गात दाखवायला काही हरकत नाही, पण भाषांतर करून ते शेजारच्या शाळेला द्यायचं म्हटलं, की कर्त्याची वेगळी परवानगी लागेल.

चौथा पाठ सापडतो तो ‘बाय-एसए’ परवान्याचा. भाषांतर करा, बदला, वाटा. फक्त तुमची आवृत्तीही त्याच परवान्यानं खुली ठेवा. काम झालं? अजून नाही. बाईंना त्यात आणखी एका ठिकाणची सरावाची उदाहरणं मिसळायची आहेत आणि ती आहेत ‘बाय-एनसी-एसए’ची. हे दोन परवाने एका रचनेत एकजीव करता येत नाहीत, कारण दोघांचीही अट एकच: नवी आवृत्ती माझ्याच परवान्याखाली हवी. उदाहरणं मग बाई स्वतःच तयार करतात.

तासभर केव्हाच उलटून गेलाय. हाती आलाय एका घटकातला एक पाठ.

[दृश्य: कोरा तक्ता. एकेक रकाना भरत जातो.]

अर्जात मांडायचं ते नेमकं हेच काम. एखादा घटक निवडावा, तो शेवटपर्यंत तयार करावा आणि शोधायला किती वेळ गेला, तपासायला किती, भाषांतराला किती, हे लिहून ठेवावं. उरलेल्या घटकांचा हिशेब त्यावरून बांधावा. असा तक्ता पाहिला की छाननी करणाऱ्याला कळतं, की या शाळेनं कामाला हात घातलेला आहे. शिवाय तो तयार पाठ नमुना म्हणून अर्जाला जोडता येतो. दहा पानांच्या प्रस्तावनेपेक्षा त्या एका पाठाचं वजन जास्त, असं आम्हाला मनापासून वाटतं.

रकाने कोणते? शोधाचे तास. विषय जाणणाऱ्या दुसऱ्या शिक्षकाकडून तपासणी. भाषांतर. आकृत्या नव्यानं काढणं, कारण चित्रांमधला मजकूर सहसा बदलता येत नाही. छपाई. आणि शिक्षक या कामाला बसले, तर त्यांचे वर्ग कोण घेणार याची तजवीज. काही अनुदानांतून पगार किंवा मानधन देता येत नाही. ते अर्ज लिहिण्याआधी विचारून घ्यावं, कारण तिथं मग बदली शिक्षकाचा किंवा प्रशिक्षणाचा खर्च वेगळा दाखवावा लागतो.

शाळा हमखास चुकतात ते इथं: निम्म्याहून जास्त रक्कम टॅबलेटवर लावतात. यंत्रं दिसतात, त्यांचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. पण त्यांत घालायचं काय, हे कोणी ठरवायचं? तो माणूस अर्जात नसेल, तर यंत्रं कपाटात जातात.

[दृश्य: छपाईयंत्रातून बाहेर पडणाऱ्या पत्रिका.]

छपाईबद्दल एक शंका नेहमी निघते. साहित्य ‘एनसी’ परवान्याचं आहे आणि छापून देणारा दुकानदार पैसे घेतो, मग हा व्यापारी वापर ठरतो का? अमेरिकेत ग्रेट माइंड्स या प्रकाशकानं याच मुद्द्यावर फेडेक्सच्या छपाई सेवेला कोर्टात खेचलं होतं. शाळांच्या सांगण्यावरून दुकानानं गणिताच्या पाठांच्या प्रती काढल्या होत्या. 2018 मध्ये अपील न्यायालयानं दुकानाच्या बाजूनं निकाल दिला: वापर शाळेचा आहे, तो व्यापारी नाही, आणि शाळा प्रती काढण्याचं काम दुसऱ्याकडून करून घेऊ शकते. निकाल तिथल्या कायद्याचा, पण हा युक्तिवाद कुठल्याही शाळेनं माहीत करून घ्यावा असा आहे.

[दृश्य: करारपत्र. बोट एका कलमावर थांबतं.]

अनुदान देणाऱ्यांच्याही अटी असतात. अमेरिकेच्या श्रम खात्यानं 2011 पासून मुख्यतः सामुदायिक महाविद्यालयांना जवळपास 2 अब्ज डॉलर दिले, तेव्हा त्या पैशातून तयार होणारं साहित्य ‘सीसी बाय’ परवान्यानं खुलं करावं, अशी अट घातली. जनतेच्या पैशातून घडलेलं जनतेला मिळावं, हा त्यामागचा सरळ विचार. आता एक पेच पाहा. अशी अट असलेलं अनुदान घेतलं आणि पाठ मात्र ‘बाय-एसए’ साहित्यातून बेतले, तर ते ‘बाय’नं खुले करता येणार नाहीत. म्हणून कराराचं कलम आधी वाचायचं आणि शोधाला मग लागायचं.

पुरस्कर्त्याला आपलं नाव दिसायला हवं असेल तर? दक्षिण आफ्रिकेतल्या सियावुला या संस्थेनं गणित आणि विज्ञानाची मुक्त पाठ्यपुस्तकं काढली, तेव्हा यावर सुरेख तोड काढली. पुरस्कर्त्यांची बोधचिन्हं असलेली आवृत्ती ‘बाय-एनडी’ परवान्याची, ती जशीच्या तशी वाटायची. बोधचिन्हं नसलेली आवृत्ती ‘बाय’ची, तिच्यात हवे ते बदल करा. पुरस्कर्त्याचं नाव शाबूत राहिलं आणि शिक्षकांचे हातही मोकळे राहिले.

[दृश्य: वर्गात छोटा सर्व्हर. मुलांच्या हातात जुने, नवे, निरनिराळे संच.]

शाळेत इंटरनेट नसेल, अधूनमधून येत असेल, तर ते अर्जात लपवू नये. लर्निंग इक्वॅलिटी या संस्थेची ‘कोलिब्री’ ही प्रणाली नेमकी अशाच शाळांसाठी आहे. साहित्य एकदा उतरवून घ्यायचं, शाळेतल्याच एका संगणकावर ठेवायचं, बाकीचे संच त्यालाच जोडायचे. ‘किविक्स’ या दुसऱ्या प्रणालीनं विकिपीडियाही असाच उतरवून ठेवता येतो. अर्जात मग साठवणीचा आणि एका साध्या संगणकाचा खर्च दाखवता येतो, तोही कारणासकट.

[दृश्य: पुन्हा शिक्षक-खोली. पडद्यावर तक्ता, पाच रकाने.]

अनुदान मंजूर झालं, की पहिल्या दिवसापासून नोंदवही ठेवायची. प्रत्येक पाठासाठी पाच गोष्टी: मूळ शीर्षक, कर्ता, सापडल्याचा पत्ता, परवाना, आणि आपण काय बदललं. हे मागाहून आठवून लिहू म्हटलं, तर निम्मे पत्ते सापडत नाहीत. हीच नोंद पाठाच्या तळाशी श्रेय म्हणून जाते आणि हीच अहवालाला जोडली जाते.

अहवालात ‘इतकी पानं तयार केली’ एवढंच लिहून भागत नाही. घटक शिकवण्याआधी किती मुलांनी दोन पंचमांश लिहिलं होतं, शिकवल्यावर किती जणांनी पाच षष्ठांश लिहिलं, हे दोन आकडे द्यावेत. कमी मुलं सुधारली असतील तर तेही द्यावं आणि पाठात पुढं काय बदलणार ते सांगावं.

आणि शेवटी तयार पाठ एखाद्या खुल्या संग्रहात चढवायचा, जिथून तो इतरांना शोधता येईल. चढवताना पीडीएफसोबत संपादन करता येईल अशी मूळ फाइलही द्यायची. पीडीएफमधली पट्टी हलवायची म्हटली, तर पुढच्या शिक्षकाला ती आकृती पुन्हा पहिल्यापासून काढावी लागते.